सेव्ह केल्यावर परत बघा

दवाखान्यात नोकरी करणारा माणूस चार पाहुण्यांत सापडला की त्याला कोणी सोडत नाही. "सांगा ना बाप्पा एखादा किस्सा!" लोकांना वाटतं आमच्याकडे रक्त असेल, ऑपरेशनं असतील, झालंच तर एखादं भूत असेल. मी हिंगणघाटच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतो. फॉर्म भरणे हे माझं काम. आधी कागदावर भरायचो, आता कॉम्प्युटरवर भरतो. रक्त मला बघवत नाही. पण किस्से मात्र साचतात. घरातल्या खुर्चीवर धुतलेले कपडे साचतात ना, तसे. एक ओढायला गेलं की खालचे चार घसरून पडतात.

खिडकीवर आम्ही दोघंच. मी गजानन, म्हणजे गजूभाऊ. आणि माझ्याहून बऱ्याच सीनियर कुंदाताई. कुंदाताई कोणाला घाबरत नाहीत. मी सगळ्याला घाबरतो. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा ओढतो. हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं मी हसत सांगणार असलो, तरी ते घडत होतं तेव्हा मी एकदाही हसलो नव्हतो.

*

कॉम्प्युटर आला आणि पहिला घोळ झाला जन्मतारखेचा. त्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही. आता म्हाताऱ्या माणसानं तारीख आणायची कुठून? एका आजोबांनी सांगितलं, "पोळ्याच्या आठ रोज आंधी झालतो जी. साल तुमी पाहून घ्या."

कुंदाताईंनी मार्ग काढला. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांना जुने मास्तर शाळेत एक जुलै देऊन टाकायचे. तीच चालवायची! वर्षभर आम्ही सढळ हातानं एक जुलै वाटली.

पुढच्या एक जुलैला सकाळी दवाखान्यासमोर एक काळीपिवळी जीप थांबली. जाम फाट्याकडच्या एका गावातले अकरा म्हातारे खाली उतरले. सगळ्यांच्या हातात मोबाइल आणि सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक! पहाटे प्रत्येकाला दवाखान्याचा इंग्रजी मेसेज आला होता. सगळ्यात पुढचे आजोबा खिडकीला धरून म्हणाले, "काय निंगालं जी आमच्या रक्तात? साऱ्याइलेच निंगालं!"

मला वाटलं, मीच काहीतरी दाबलं. कुंदाताईंनी मोबाइल घेतला, चष्मा लावला, मेसेज वाचला आणि शांतपणे सांगितलं, "आजोबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा हायेत."

आजोबांनी मोबाइल परत घेतला, उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे आज माहा बड्डे हाय? मंग सून काई बोलली कशी नाई?"

*

पुढचा किस्सा मात्र हसण्यावारी न्यायचा नव्हता.

शाळेतल्या एक बाई भरती झाल्या. मी फॉर्म भरला. औषधाची अ‍ॅलर्जी? हो. कशाची? त्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि सेव्ह केलं. तासाभरानं त्यांचे मिस्टर आले, मोबाइल नंबरात एक आकडा चुकला होता. मी एडिट दाबलं, आकडा बदलला आणि परत सेव्ह केलं. दुपारी वॉर्डात सिस्टर तेच इंजेक्शन भरून उभी राहिली, तेव्हा बाई वर्गावर ओरडावं तशा ओरडल्या, "हे मला चालत नाही! मी खाली सांगितलंय!"

सिस्टरनं स्क्रीन बघितली. अ‍ॅलर्जी: नाही.

वरून फोन आला तेव्हा मी शपथेवर सांगितलं, की मी 'हो' केलं होतं. कोणाला पटेना. मलाही माझं पटेना. शेवटी कुंदाताईंनी एक खोटा पेशंट तयार केला, त्याला अ‍ॅलर्जी दिली आणि बसून एकेक गोष्ट बदलून बघितली. नाव बदललं, सेव्ह. अ‍ॅलर्जी गायब! पत्ता बदलला, सेव्ह. गायब! फॉर्ममधलं काहीही एडिट करा, सेव्ह केलं की अ‍ॅलर्जीचा रकाना गुपचूप परत 'नाही'वर जाऊन बसायचा; दर वेळी सेव्हच्या आधी तो हातानं पुन्हा 'हो' करावा लागायचा.

ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांना फोन लावला. "बघतो सर", "कळवतो सर" असं तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात एकजण उत्साहानं म्हणाला, "सर, एक सोल्यूशन आहे. तुम्ही एडिट करूच नका ना!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याचं कारण माझ्या घरात आहे. आमची मुलगी झाली त्या दिवशी माझ्या बायकोला, सुनीताला, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं. दोन मिनिटांत ओठ सुजले, श्वास घशात अडकला. डॉक्टर शेजारीच उभे होते म्हणून ती वाचली. मी दारातून सगळं पाहिलं होतं. मुलगी आता नववीत आहे, पण 'अ‍ॅलर्जी' हा शब्द टाइप करताना अजून माझी बोटं अडखळतात.

कुंदाताईंनी स्केचपेननं दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि दोन्ही मॉनिटरला चिकटवल्या. "सेव्ह केल्यावर परत बघा."

*

त्यानंतर मी एडिटला इतका घाबरलो, की एक दिवस नुसता हात वर धरून बसलो होतो.

जामच्या चौकातून एक ट्रक ड्रायव्हर आला होता. सहा फूट उंच, कल्लेदार मिशा. त्याला एका गोळीची अ‍ॅलर्जी होती. ती मी नीट भरली, तीनदा वाचली आणि त्या नादात 'पुरुष'च्या जागी 'स्त्री' दाबून सेव्ह करून बसलो! कॉम्प्युटरनं त्याला लगेच बायकांच्या वॉर्डात खाट दिली.

"एडिट कर ना मंग," कुंदाताई म्हणाल्या.

"अ‍ॅलर्जी जाईल ना, कुंदाताई."

"मंग काय त्याले बाईच ठेवतं?"

ड्रायव्हर खिडकीबाहेर उभं राहून सगळं ऐकत होता. तो वाकून आत डोकावला आणि गंभीरपणे म्हणाला, "ताई, जीव वाचत असन त दोन रोज राह्यतो मी बाई. पण लुगडं नाई नेसणार!"

मग तिघांच्या साक्षीनं एडिट झालं. मी मोठ्यानं वाचलं, कुंदाताईंनी स्क्रीन बघितली आणि ड्रायव्हरनं आत हात घालून रकान्यावर बोट ठेवलं. "हो हाय. हो हाय. दाबा आता."

*

पण रोज साक्षीदार कुठून आणायचे? कागदाची फाइल होती तेव्हा सोपं होतं. अ‍ॅलर्जी असली की फाइलवर लाल पट्टी चिकटवायची, ती आंधळ्यालाही दिसायची. आता फाइलच नव्हती, तर पट्टी चिकटवायची कशावर?

एका सोमवारी कुंदाताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. मोठ्या, लालभडक टिकल्या. अ‍ॅलर्जीवाला पेशंट आला की फॉर्म भरून झाल्यावर त्या खिडकीतून हात बाहेर काढायच्या आणि त्याच्या हाताच्या पाठीवर एक टिकली दाबून लावायच्या. बाई असो, बाप्या असो. "फॉर्म बदलन," त्या म्हणाल्या, "हात थोडीच बदलते!"

वॉर्डातल्या सिस्टरांना आठवडाभरात कळलं. हातावर टिकली दिसली की सुई खाली ठेवायची आणि पेशंटला विचारायचं. मला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागायला लागली.

घोळ वेगळ्याच ठिकाणी झाला. कुंदाताईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्या स्वतः टिकली लावत नाहीत. आणि बाजारातल्या दुकानातून दर पंधरा दिवसांनी लाल टिकल्यांची पाच-पाच पाकिटं नेतात! दुकानदारीण आधी नुसती बघायची, मग हसायला लागली, मग तिनं कोणालातरी सांगितलं. एका दुपारी खिडकीवर असतानाच कुंदाताईंना नणंदेचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"वहिनी, काई ठरवलं असन त मोकळ्या मनानं सांगा. आमाले काई हरकत नाई!"

*

हरकत होती ती भुलीच्या डॉक्टरांना. राऊत सर म्हणजे ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल देणारे. कामाला चोख, पण हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मी स्क्रीन वाचतो. स्क्रीनवर आहे तेच खरं."

एकदा ते बोटाच्या टोकावर टिकली चिकटवूनच खाली आले. "कुंदाताई, हे काय आहे?"

"टिकली, सर."

"ते दिसतंय मला. हा दवाखाना आहे की हळदीकुंकू?"

"सर, ते मशीन 'हो'चं 'नाही' करून ठेवते ना."

"मशीन चुकत नाही, माणसं चुकतात. माहिती स्क्रीनवर पाहिजे. माझ्या टेबलवर टिकली दिसता कामा नये!"

आठ दिवसांत ऑपरेशनच्या आधीच्या फॉर्मात बदल झाला. पूर्वी त्यात दागिने काढले, बांगड्या काढल्या, नेलपॉलिश काढलं एवढंच होतं. आता खाली नवा रकाना आला. 'टिकली काढली, कपाळ व हात.' आणि त्यापुढे लाल चांदणी! हा रकाना मात्र एका फोनवर तयार झाला.

कुंदाताईंनी टिकल्या लावणं सोडलं नाही. त्यांना तिथे एक माणूस मिळाला होता. ऑपरेशन थिएटरच्या मंगला सिस्टर. त्या हातावरची टिकली काढायच्या, पण काढताना डॉक्टरांच्या कानाशी मोठ्यानं म्हणायच्या, "सर, याइले ते चालत नाई हं." सर स्क्रीनकडेच बघत राहायचे, पण पेशंटला परत एकदा विचारायचे.

आणि टिकली फेकायची नाही, हा सगळ्या बायकांचा नियम. न्हाणीघरात गेल्या की आरशाला लावतात, तशी मंगला सिस्टर ती थिएटरच्या दाराच्या चौकटीला लावायच्या. कपाळावरच्या आणि हातावरच्या, सगळ्या. लांबून बघितलं तर चौकटीला गोवर आल्यासारखं दिसायचं. घरी जाताना बायका आपापली टिकली बरोबर ओळखून काढून न्यायच्या.

एकदा एक पन्नाशीचे गृहस्थ टाके काढून झाल्यावर त्या चौकटीसमोर उभे राहून काहीतरी शोधत होते. मी विचारलं, "काय पाहिजे, काका?"

"माही टिकली कुठी हाय जी? ताईनं देल्ली होती."

*

माझं परत परत बघणं घरीही सुरूच होतं. मुलीचा शाळेचा फॉर्म मी भरला की सेव्ह करून बंद करायचो, परत उघडायचो आणि सुनीताला वाचायला लावायचो. ती वैतागायची. एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "लग्नाच्या सर्टिफिकेटावर तरी माहं नाव बरोबर हाय ना? एकडाव पाहून घेजा."

मी उठून खरंच पाहून आलो.

त्यानंतर महिन्याभरातच तिचं पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं. आमच्याच दवाखान्यात.

*

मंगळवारी सकाळी सुनीता खिडकीबाहेर आणि मी आत. आजवर किती फॉर्म भरले असतील, पण बायको समोर उभी असताना तिचं नाव मला तीनदा टाइप करावं लागलं.

"तू भरू नको, गजू," कुंदाताई म्हणाल्या. "नावच तीनदा खोडलं तू."

मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातून चूक झाली असती तर मला सहन झालं नसतं. अ‍ॅलर्जी: हो. पेनिसिलिन. सेव्ह केलं. परत उघडून बघितलं. 'हो' होतं. कुंदाताईंनाही दाखवलं. प्रिंट काढून सुनीताच्या हातात दिली.

तिनं ती नीट वाचली. "अठ्ठेचाळीस काऊन लेयलं? मले सत्तेचाळीसच चालू हाय."

"दोन महिन्यांनी होतीलच ना अठ्ठेचाळीस."

"होतीन तवा लेयजा!"

मागे रांग होती. मी वय बदललं. तेवढ्यात थिएटरमधून व्हीलचेअर आली. सोबतची सिस्टर नवीन होती. मंगला सिस्टर भाचीच्या लग्नाला समुद्रपूरला गेल्या होत्या. कुंदाताईंनी खिडकीतून हात काढून सुनीताच्या हाताला लाल टिकली लावली, वरून अंगठ्यानं दाबली. सुनीता माझ्याकडे बघून हसली. "कुलूप नाई ओढून पाह्यत काय?" असं म्हणाली आणि गेली.

मला बसवेना. मी गेटबाहेर चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाला ओळखीचा, ऑपरेशनचं त्याला माहीत होतं. त्यानं चहा हातात दिला आणि सहज विचारलं, "वहिनीचं वय काय असन, भाऊ?"

"सत्तेचाळीस," मी म्हणालो. आणि हात तिथेच थांबला.

वय. मी वय एडिट केलं होतं. सेव्ह केलं होतं. परत बघितलं नव्हतं!

चहा तिथेच सोडून मी पळालो. खिडकीवर कुंदाताईंना ढकललंच जवळजवळ आणि सुनीताचा फॉर्म उघडला. वय: सत्तेचाळीस. अ‍ॅलर्जी: नाही.

"टिकली लावली ना मी," कुंदाताई म्हणाल्या. आणि मग त्यांचाच चेहरा उतरला. टिकली काढायचा रकाना सक्तीचा होता, आणि ती कशासाठी आहे ते सांगणारी मंगला सिस्टर लग्नाला गेली होती.

मी फॉर्म बदलायच्या भानगडीत पडलोच नाही, थिएटरला फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. मी दोन दोन पायऱ्या गाळत दुसऱ्या मजल्यावर धावलो. मागून कुंदाताई दुखऱ्या गुडघ्यांनी येत होत्या आणि प्रत्येक पायरीला "बाप्पा रे" म्हणत होत्या. सबंध आयुष्यात कुलूप ओढत आलो आणि ज्या दिवशी खरं ओढायचं होतं त्या दिवशी चहा प्यायला गेलो, एवढंच डोक्यात फिरत होतं. मुलीला काय सांगू?

थिएटरचं दार बंद. वर लाल दिवा. चौकटीला टिकल्याच टिकल्या. मी वेड्यासारखा शोधायला लागलो. सुनीताच्या कपाळावरची बारीक मरून टिकली लगेच सापडली. ताजी, कडेला घामाचा थेंब असलेली. पण हातावरची लाल? वरपासून खालपर्यंत बघितलं, दोनदा बघितलं. नव्हतीच. म्हणजे नव्या सिस्टरनं ती काढून कचऱ्यात टाकली असणार. आत कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी दोन्ही हातांनी दार वाजवलं. त्या दारावर थाप मारायला बंदी आहे, तशी पाटीसुद्धा आहे. "सर! 'हो' आहे! सुनीताचं 'हो' आहे!" असं काहीतरी ओरडत होतो. कुंदाताई धापा टाकत येऊन पोचल्या आणि त्यांनीही एक थाप मारली.

दार वीतभर उघडलं. राऊत सर होते. हिरवी टोपी, तोंडावर मास्क, त्यावर वैतागलेले डोळे. आणि दोन भुवयांच्या वर, टोपीच्या खाली, मोठी लालभडक टिकली.

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "हातावरची पाहिली, पेशंटला विचारलं. ते इंजेक्शन बाजूला काढून ठेवलंय. आता ओरडू नका. खाली जाऊन बसा."

चौकटीला धरून मी तिथेच खाली बसलो. कुंदाताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग मान वर करून सरांच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "जराशी डावीकडे गेली."

सरांनी एका बोटानं टिकली मधोमध सरकवली आणि दार लावून घेतलं.